आवाज आला की चिठ्ठी

माझ्या बायकोच्या मामांइतक्या गांभीर्यानं मजा करणारा माणूस साऱ्या बंगळुरात दुसरा नसेल. लोक देवळात जातानासुद्धा थोडे सैलावतात, वाटेत कॉफी पितात, फुलवालीशी हुज्जत घालतात. मामा गावाबाहेरच्या करमणूक उद्यानात जाताना तेवढेही सैलावत नाहीत. महिन्यातला पहिला बुधवार उजाडला की ते डोक्याला तेल न लावता अंघोळ करतात (तेलकट डोक्यानं पाण्यात उतरू नये, अशी तिथं पाटी आहे), इस्त्रीचा पांढरा शर्ट घालतात, पांढरी कापडी टोपी चढवतात आणि परीक्षेला निघाल्यासारख्या चेहऱ्यानं बसवनगुडीतल्या घरातून बाहेर पडतात. वय एकाहत्तर. बरोबर नातवंड वगैरे कोणी नाही. नातवंडांना घेऊन आलेले आजोबा उद्यानात ढिगानं दिसतात, पण ते बाकावर बसून सगळ्यांच्या पिशव्या राखतात. मामा आपली पिशवी दुसऱ्याच्या हातात देत आणि वर जात.

मामांचं घराणं बंगळुरात इतक्या पिढ्यांपूर्वी आलं की नेमकं कुठून आलं याबद्दल घरातच तीन मतं आहेत. त्यांच्या मराठीत 'स्वल्प' (जरा) आणि 'सरी' (बरं) इतके मुरलेत, की ते कानडी शब्द आहेत असं सांगितलं तर मामा माझ्याकडेच संशयानं बघतात. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात त्यांनी चाळीस वर्षं यंत्रांची देखभाल केली. तिथं एक रीत होती. यंत्रातून नेहमीपेक्षा वेगळा आवाज आला, तर ज्याला तो ऐकू आला त्यानं चिठ्ठी लिहून पेटीत टाकायची. वर 'ऑब्झर्व्हेशन', खाली 'ॲक्शन', नाव नाही. चिठ्ठी आली की यंत्र थांबवायचं, तपासायचं, आणि ती कोणी लिहिली हे विचारायचं नाही. मामा निवृत्त झाले, पण रीत निवृत्त झाली नाही. उद्यानात अभिप्रायांची एक पेटी आहे. इतर लोक तिच्यात 'मजा आली' असं लिहून टाकतात. मामा जुन्या कॅलेंडरची तारखेची पानं कापून आणतात आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहितात, 'ऑब्झर्व्हेशन: तिसरी बोट, डावीकडे वळताना करकर. ॲक्शन: बोल्ट बघावा.' पहिली दोन वर्षं तिथल्या लोकांनी त्यांना निरुपद्रवी वेडा समजून चालवून घेतलं. मग एकदा कोणीतरी सहज म्हणून बोट उघडून पाहिली, तर बोल्ट खरोखरच ढिला निघाला. त्या दिवसापासून त्या पेटीतली प्रत्येक चिठ्ठी वाचली जाते, आणि मोठा झुला चालवणारी मंजुळाक्का मामांना 'सार', म्हणजे सर, म्हणते.

आता मी. मी पुण्याचा, आयटीतला, राहायला के. आर. पुरमला, आणि करमणूक उद्यानांना माझा तात्त्विक विरोध होता. लग्नानंतर मामांकडे पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हा पानावर बसून मी तो सविस्तर मांडला. तासभर रांगेत उभं राहून दोन मिनिटं घाबरायचं, ही भीती खोटी, ते धबधबे खोटे, तो डोंगर सिमेंटचा, माणसानं खऱ्या सह्याद्रीत जावं, असं बरंच काही. मामी वाढता वाढता खूश झाल्या. त्यांचाही विरोध होता, फक्त माझ्याइतका तात्त्विक नव्हता. घरात स्टुलावर चढून बल्ब बदलायला सांगितलं तर ह्यांना चक्कर येते आणि तिथं उलटे लटकतात, एवढंच त्यांचं म्हणणं. मामांनी सगळं ऐकून घेतलं, ताक प्याले आणि म्हणाले, "जावईबापू, खरी भीती आहेच की घरोघरी. पण तिला पट्टा नसतो."

पुढच्या बुधवारी ते मला घेऊन गेले. मॅजेस्टिकला मेट्रोत भेटले, पुढं बसनं. आधी हलकं काही घेऊ, म्हणून त्यांनी मला एका बेडकात बसवलं. हा हिरवा बेडूक माणसांना पोटात घेऊन घराच्या छपराएवढा वर जातो आणि टुणटुणत खाली येतो. माझ्या शेजारी साधारण सहा वर्षांची एक मुलगी होती. दुसऱ्या उडीला मी हात वर करून बेडूक थांबवायला सांगितला. बेडूक थांबला, मी उतरलो, आणि ती मुलगी कानडीत आईला काहीतरी म्हणाली. मामांनी भाषांतर करायला नम्रपणे नकार दिला.

तरी मी पुन्हा गेलो, कारण मामींनी गळ घातली. आता वय झालंय, कोणीतरी सोबत असावं, आणि तुमचं बुधवारी घरूनच काम असतं ना, असं म्हणाल्या. अशा रीतीनं दर महिन्याला मी मोठ्या झुल्याखालच्या बाकावर, मामांची खाकी पिशवी एका मांडीवर आणि लॅपटॉप दुसऱ्या मांडीवर घेऊन, घरून काम करू लागलो. एकदा मीटिंगमध्ये बोलायची माझी पाळी आली, मी माइक उघडला, आणि नेमक्या त्याच क्षणी डोक्यावरून चोवीस माणसं किंचाळत गेली. साहेबांनी हळू आवाजात विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. मी म्हणालो, पाहुणे आलेत.

त्या बाकावरून मी मामांना पुष्कळ बघितलंय. पाण्यात उतरायला तिथं नायलॉनचे कपडे लागतात. मामांनी ते गांधी बझारच्या शिंप्याकडून शिवून घेतले, आणि त्यानं भरतनाट्यमच्या पोशाखातलं उरलेलं चमकदार जांभळं कापड वापरलं. ते घालून मामा घसरगुंडीच्या तोंडाशी उभे राहिले की मागची पोरं आपोआप वाट देत. पण त्यांचं खरं दैवत मोठा झुला. लांब लोखंडी दांड्याच्या टोकाला माणसांचं एक कडं टांगलेलं असतं आणि ते आभाळाकडे भिरकावलं जातं. वर गेल्यावर क्षणभर सगळं थांबतं आणि मग सुटतं. बाकीचे डोळे मिटून छातीवरच्या पट्टीला लटकतात, देवांची नावं घेतात. मामा मात्र दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून, फोटो काढायला बसल्यासारखे बसत. त्यांनी ती पट्टी कधी धरली नाही. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "चाळीस वर्षं मी यंत्रांना धरून ठेवलं. इथं यंत्र मला धरतं. त्याच्या कामात मी कशाला हात घालू?" माझा तात्त्विक विरोध तिथं पहिल्यांदा स्वल्प ढिला झाला.

आणि मग गेल्या वर्षी मामांच्या छातीत दुखलं. अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, जिन्याला हरकत नाही म्हणाले, आणि झुल्याचं नाव काढताच नुसते मामांकडे बघत राहिले. आता झुल्यापाशी भली मोठी पाटी आहे, हृदयविकार असलेल्यांनी बसू नये. मामा पाट्या पाळणारे. तेल न लावणारा माणूस तो. पण ह्या पाटीचा त्यांनी वेगळा अर्थ लावला. विकार होता, तो दुरुस्त झाला, नवा भाग बसला. दुरुस्तीनंतर यंत्र चालवून बघायलाच हवं, नाहीतर दुरुस्ती पुरी झाली असं म्हणत नाहीत. महिनाभरानं आम्ही गेलो तेव्हा ते नुसते हिंडले, सगळे आवाज ऐकले, आणि परतताना मंजुळाक्काला सांगून आले, की पुढच्या महिन्याच्या बुधवारी बसणार.

त्या आधीच मामींनी मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं होतं. भाचीचं ऐकत नाहीत, माझं तर कधीच ऐकलं नाही, तुम्ही सांगा, म्हणाल्या. हात पदराला पुसत होत्या आणि ते पुसणं संपत नव्हतं. मी सांगतो म्हणालो. आणि सांगितलं नाही. मेट्रोत सांगू म्हटलं, तिथं गर्दी होती. बसमध्ये सांगू म्हटलं, तर मामा खिडकीतून इतके शांत बघत होते. बेडूक थांबवणाऱ्या माणसाच्या अंगी जेवढं धैर्य असतं, तेवढंच माझ्याही अंगी होतं. शेवटी फाटकाबाहेर आल्यावर, छत्री विसरली अशी थाप मारून मी आत परत गेलो. मामांच्या पिशवीतून एक कोरा कागद आधीच लांबवला होता. त्यावर लिहिलं, 'ऑब्झर्व्हेशन: पांढऱ्या टोपीचे वयस्कर गृहस्थ यांची नुकतीच अँजिओप्लास्टी झाली आहे. ॲक्शन: मोठ्या झुल्यावर बसू देऊ नये.' आणि पेटीत टाकून, हरवलेल्या छत्रीशिवाय परत आलो. आकाश निरभ्र होतं आणि मी छत्री आणलीच नव्हती, हे मामांच्या लक्षात आलं असणार.

पुढच्या महिन्याचा बुधवार आला. मामा रांगेत उभे, मी बाकावर. त्यांची पाळी आली तशी मंजुळाक्का केबिनमधून उतरून खाली आली, मान खाली घालून, आणि तिनं त्यांच्या हातात तो कागद ठेवला. कानडीत म्हणाली, की सार, तुम्हीच शिकवलंत, चिठ्ठी आली की थांबवायचं. डोळे भरले होते तिचे. मी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं, लॅपटॉप बंद होता.

मामांनी चष्मा लावला. चिठ्ठी वाचली. मग उलटून बघितली. मागे त्यांच्याच कॅलेंडरची तारीख होती, त्यांच्याच कात्रीनं कापलेली. मग पुन्हा वाचली. मागचे लोक कुरकुरायला लागले. मामांनी टोपी सारखी केली, म्हणाले, "सरी अक्का. चिठ्ठी बरोबर आहे," आणि रांगेतून बाहेर आले. झुला त्यांच्याशिवाय वर गेला. त्या सीटवर कोणीतरी कॉलेजातली मुलगी बसली आणि पट्टीला घट्ट लटकली.

बाहेरचं खाणं आत चालत नाही, म्हणून मामा नेहमी फाटकाबाहेरच्या झाडाखाली अवलक्कीचा डबा उघडतात. अवलक्की म्हणजे आपले पोहेच, पण बसवनगुडीचे. मामींचे चिंच-गुळाचे. त्या दिवशी डबा मध्ये ठेवून आम्ही बसलो. मी म्हणालो, "मामा, ती चिठ्ठी..."

"थांबा स्वल्प." त्यांनी चमचा खाली ठेवला. "आमच्याकडे एकदा मालकानं नाव विचारलं होतं. कोणी लिहिली म्हणून. पुढं चार महिने एक चिठ्ठी आली नाही. यंत्रं ओरडत होती, सगळ्यांना ऐकू येत होतं. मग एकाचं बोट गेलं." डब्यातला एक शेंगदाणा निवडून त्यांनी खाल्ला. "नाव विचारायचं नाही. सांगायचंही नाही."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. डबा बंद करताना म्हणाले, "मजकूर नेटका होता. फक्त शेवटी 'रिगार्ड्स'ची गरज नव्हती."

पंधरा वर्षांच्या ईमेलच्या सवयीनं मी त्या निनावी चिठ्ठीखाली 'रिगार्ड्स' लिहून पुढं स्वल्पविरामही दिला होता.

मला वाटलं, उद्यानाचा विषय आता संपला. मामी निर्धास्त झाल्या, मला त्यांनी घरी बोलावून ओबट्टू, म्हणजे तिकडची पुरणपोळी, खाऊ घातला, आणि तो मी चोराच्या तोंडानं खाल्ला. पण महिन्याच्या पहिल्या मंगळवारी संध्याकाळी मामांचा फोन आला. उद्या डोक्याला तेल लावू नका, एवढंच म्हणाले.

मॅजेस्टिकला ते नेहमीसारखेच चढले, टोपी, शर्ट, पिशवी. झुल्यापाशी आल्यावर बाकावर बसले, माझा लॅपटॉप मागून घेतला, खाकी पिशवीबरोबर मांडीवर ठेवला आणि मला म्हणाले, की खालून आवाज पुरता कळत नाही, वर कोणीतरी ऐकणारा पाहिजे. मी सह्याद्रीबद्दल काहीतरी बोलायला गेलो. त्यांनी नुसतं झुल्याकडे बोट दाखवलं. ज्याच्या चिठ्ठीनं यंत्र थांबतं, पुढची जबाबदारी त्याची, असाही त्या कारखान्यात एखादा नियम असावा. मी विचारलं नाही.

पहिल्या खेपेला मी उतरलो आणि सरळ बाकावर येऊन बसलो. मामांनी विचारलं, आवाज कुठून आला. मी म्हणालो, फक्त माझ्यातून. त्यांनी ते कॅलेंडरच्या पानावर लिहून घेतलं. दुसऱ्या महिन्यात मी डोळे उघडे ठेवले. तिसऱ्या महिन्यात मला खरोखर एक टक्-टक् ऐकू आली, उजवीकडून, सुटण्याच्या जरा आधी. मी ती मामांना सांगितली आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की लग्नानंतर पहिल्यांदाच मला मी त्या घरचा जावई झालो असं वाटलं. त्या दिवशीची चिठ्ठी मी लिहिली, ऑब्झर्व्हेशन आणि ॲक्शन, खाली काही नाही.

आता वर्ष होत आलं. माझा तात्त्विक विरोध अजून आहे, जेवताना कोणी विचारलं तर मी तो मांडतो. पण वर गेल्यावर, ते कडं आभाळात जिथं क्षणभर थांबतं तिथून, मी खाली बघायला शिकलोय. उद्यान पत्त्यांच्या डावासारखं मांडलेलं दिसतं, आणि झुल्याखालच्या बाकावर पांढऱ्या टोपीचा एक ठिपका. मामा वर बघत नाहीत. डोळे मिटून ऐकत असतात. आणि झुला सुटतो त्या क्षणी, ज्या माणसानं इतक्या वर्षांत वर कधी पट्टीला हात लावला नाही, तो खाली, पक्क्या जमिनीवरच्या बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलेला असतो.