जाते म्हणणाऱ्या बाई

शहाडला आमचा प्रौढांचा वर्ग समाजमंदिराच्या खोलीत भरत असे. मी, मनुबाई, त्या वर्गात सत्तरीनंतर लिहावयास शिकले. शिकवणाऱ्या रुचिताबाई डोंबिवलीहून येत. वयाने त्या माझ्या नातीएवढ्या. परंतु अक्षर देणाऱ्या म्हणून आम्ही त्यांना अहो-जाहो करीत असू. त्यांची ही हकीकत मी त्यांच्या परवानगीने लिहीत आहे.

बाईंची एकच गोष्ट आम्हांला खटकत असे. वर्ग सुटला की त्या पिशवी उचलून म्हणत, "चला, जाते मी."

एकदा मला राहवले नाही. "अहो बाई, जाते काय म्हणता? येते म्हणावं."

मागून गुणाजीभाऊ म्हणाले, "जातं दळायला लागतं, बाई! निघताना येतेच म्हणायचं."

सर्व हसले. बाई हसल्या नाहीत. पिशवी खाली ठेवून त्या बसल्या, आणि त्यांनी आम्हांला सांगितले ते असे.

बाईंची पहिली नोकरी मालदीवमधील एका लहान बेटावरच्या शाळेत होती. सुरुवातीस त्या भराभर इंग्रजी बोलत आणि मुले गप्प बसत. मुले उद्धट आहेत असे समजून बाई रागावत. पुढे त्यांना उमगले की मुलांना त्यांचे बोलणे कळतच नव्हते, आणि विचारण्याचे धाडस होत नव्हते. मग बाई सावकाश बोलू लागल्या, शब्द करून दाखवू लागल्या. 'गोइंग' म्हणत दाराबाहेर जायचे, 'कमिंग' म्हणत आत यायचे. हव्वा नावाच्या मुलीला हा खेळ फार आवडे. 'कमिंग' ऐकताच ती बाईंचा हात धरून त्यांना आत ओढीत असे.

एके दिवशी डोंबिवलीहून आईच्या आजारपणाचा निरोप आला. बाईंनी नोकरी सोडली. बोटीच्या धक्क्यावर निरोप द्यायला हव्वा आली होती. तिने विचारले, "मिस, गोइंग?"

निघताना जाते म्हणू नये, हे वळण बाईंना त्यांच्या आईनेच लावलेले होते. त्या म्हणाल्या, "नो, हव्वा. कमिंग."

हव्वा खुशीत हसली.

पुढे तेथील मैत्रीण कृतिका हिचा फोन आला. "अगं रुचि, ती पोरगी बोट आली की धक्क्यावर जाऊन बसते. नव्या मिसकडे वाचतच नाही. आमच्या मिस येतायत म्हणते. तू बोल ना तिच्याशी एकदा!"

"बोलते गं," असे बाई म्हणाल्या. परंतु बोलल्या नाहीत. काय सांगावे हे सुचेना. लहान आहे, विसरेल, असेही वाटले. बरेच महिने गेले. अखेर त्यांनी फोन केला आणि आपली रीत हव्वाला समजावून सांगितली. हव्वाने सर्व ऐकून घेतले. मग ती एवढेच म्हणाली, "मग मिस, तुम्ही आम्हाला चुकीचं शिकवलं?"

"मी बरोबर शिकवलं, बोलले चूक, असं सांगायचं होतं मला," बाई आम्हांला म्हणाल्या. "पण तोवर तिने फोन आईकडे दिला होता. मावशी, आपला शब्द आपल्या माणसांत शोभतो. तिला 'कमिंग'चा अर्थ मीच शिकवलेला. तिने तो खराच धरला."

त्यानंतर त्यांना कोणी टोकले नाही.

यंदा बाईंना घोडबंदर रोडवरील शाळेत नोकरी मिळाली. आमचा वर्ग बंद झाला. शेवटच्या दिवशी त्या दारात थांबून म्हणाल्या, "जाते मी."

येते म्हणा, असे माझ्या ओठांवर आले होते. मी गिळले. परंतु गुणाजीभाऊंच्या तोंडून सवयीने निघून गेलेच, "या, बाई."

"नाही हो येणार, भाऊ," बाई म्हणाल्या आणि पायरी उतरल्या.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी मी पाटी पिशवीत घातली. सून म्हणाली, "आई, आज कुठला वर्ग?"

"ठाऊक आहे मला," मी म्हणाले, आणि समाजमंदिराच्या पायरीवर जाऊन बसले.