आईचा भाकरतुकडा

मंडळी, आत्ताच कुरुळीच्या खोलीवर पोचलोय. कुणाशी तरी बोलावंसं वाटलं.

आमचं घर आणि शेत डोंगरात आहे. दोन वर्षांपूर्वी थोरल्या भावाने तिथे कृषी पर्यटन सुरू केलं. चार खोल्या, चुलीवरचं जेवण, शेतात फेरी. मी चाकणला कंपनीत असतो, जवळच कुरुळीला खोली घेऊन राहतो, त्यामुळे बुकिंग आणि जाहिरात मोबाइलवरून बघतो.

मी सुट्टीला घरी गेलो की आई मला उंबऱ्याबाहेर थांबवायची. भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायची, पायांवर पाणी घालायची, मगच आत घ्यायची. जाहिरातीत ‘पारंपरिक स्वागत’ म्हणून हे मीच टाकलं. लोकांना फार आवडलं.

आज चार महिन्यांनी घरी गेलो. नेमकी तेव्हाच निगडीच्या पाहुण्यांची गाडी आली, नऊ माणसं. आई एकेकाला ओवाळत होती, ते व्हिडिओ काढत होते. मीपण बॅग घेऊन रांगेत शेवटी उभा राहिलो.

माझ्यापर्यंत येईस्तोवर ताटातली भाकरी संपली. आई घाईत म्हणाली, “तू काय, घरचाच हायस. मागच्या दारानं जा आन् चहाचं बघ.”

तिचं चुकलं नाही. मी चहा केला, ताटं वाढली, गाद्या घातल्या. उद्या पहिली शिफ्ट, म्हणून निघालो तेव्हा ती पाहुण्यांना शेत दाखवत होती. मी लांबूनच हात केला.

मघाशी खोलीचं कुलूप काढलं, दार ढकललं आणि उगाच बाहेरच थांबलो.

तुम्हाला अजून कुणी दारात थांबवतं का?