छपराआधीचा वर्ग

पनवेलहून जीप निघाली तेव्हा मी अर्धवट झोपेतच होते. कर्नाळ्याचा सुळका धुक्यातून वर आला, पुन्हा बुडाला, आणि आपण कामाला निघालो आहोत हेच मी विसरून गेले. काम तसं रुक्ष होतं. शाळांना सरकारी निधी देणाऱ्या मंडळाची मी पाहणी अधिकारी. आपट्याजवळच्या एका गावाला आठवीसाठी खोली हवी होती. सातवीनंतर तिथल्या मुली घरीच बसत.

शेजारी सलीमभाई. पनवेलचे दुकानदार, आखातात नोकरी करून परतलेले. गावकऱ्यांना घेऊन त्यांनीच शिक्षण समिती उभी केली होती. "लोकवाटा तय्यार आहे, मॅडम," असं ते वाटभर सांगत होते; लोकवाटा म्हणजे गावाने घालायचा हिस्सा.

पाताळगंगेच्या काठी उतरलो. पाणी इतकं संथ, की पलीकडची झाडं त्यात निजल्यासारखी दिसत होती. बघत राहावंसं वाटलं. मग मागे वळले. समोर चार कोऱ्या भिंती उभ्या होत्या. मंजुरीआधी सुरू केलेल्या कामाला निधी द्यायचा नाही, असा आमचा नियम.

"पावना येनार नि मोकली जागा दाखवायची? बरं दिसत नाय," समितीतल्या पार्वतीकाकी म्हणाल्या. "म्हनून सगल्या गावानं हात लावला."

मी नियम सांगितला. सलीमभाईंचा चेहरा उतरला. काकींनी मात्र शांतपणे पहार उचलली.

"तं पाडतो आमी. तुमी मंजूर करा, मंग परत बांधू."

त्या गंमत करत नव्हत्या. दोघीतिघी घमेली घेऊन उठल्यासुद्धा. मी धावत जाऊन पहार धरली.

आधी जेवू या, म्हटलं. त्याच भिंतींच्या आत बसून तांदळाची भाकरी आणि सुकट खाल्ली. पोट भरलं, डोळे जड झाले, मान मागे टेकली. वर एक पांढरा ढग सावकाश चालला होता. तो नाहीसा होईपर्यंत बघितल्यावर माझ्या लक्षात आलं, खोलीला छप्परच नाही.

"भिंती हा तुमचा लोकवाटा," मी म्हणाले. "निधी छपरासाठी मागते. जे आहे ते सगळं खरं लिहीन. पुढचं मंडळाच्या हातात. पण मंजुरीपर्यंत एक पत्रासुद्धा चढवायचा नाही."

"इन्शाअल्ला," सलीमभाई पुटपुटले.

"पत्रा नाय चढवत," काकी म्हणाल्या. "पन पोरी बसवल्या तं चालंल?"

त्याबद्दल नियमात काही नव्हतं.

परतल्यावर बैठक झाली. वरिष्ठांनी अहवाल चाळत नेहमीचा प्रश्न विचारला, "गावाचा सहभाग कितपत?" इतकी वर्षं मीही हेच विचारत आले होते. त्या दिवशी लाज वाटली.

"गावाचं झालं, साहेब," मी म्हणाले. "वर्ग सुरू आहे. आता आपला सहभाग किती, ते ठरवायचं."