गोड आवाजाची मैत्रीण

मी कार्टूनना मराठी आवाज देते. सोळा वर्षं झाली. टीव्हीवरच्या वात्रट मुलग्याचा आवाज बहुधा माझ्यासारख्या एखाद्या चाळिशीतल्या बाईचाच असतो. खऱ्या पोरांचा आवाज ऐन मालिकेत फुटतो, आमच्या बाबतीत तो धोका नाही. त्या मुलग्याला हमखास एक मैत्रीण असते. तिला वाक्यं कमी. 'अय्या', 'सांभाळून हं', आणि तो जिंकला की टाळ्या. तिच्यासाठी मी नाकातून एक बारीक, गोड आवाज काढायचे आणि दोन्ही पात्रं एका दिवसात उरकायचे.

म्हणून एका नव्या मालिकेच्या आवाज-चाचणीसाठी फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात चक्क उडी मारली. नायिका बारा वर्षांची, सायकली दुरुस्त करणारी, नाकावर राग असलेली मुलगी! अख्खी मालिका तिची! मला ती भूमिका हवीच होती. खरं सांगते, लग्नाच्या वेळीही मला इतकं हवंसं काही वाटलं नव्हतं. चारकोपहून अंधेरीच्या स्टुडिओत जाताना रिक्षात मी तिचं चाचणीचं वाक्य इतक्यांदा म्हटलं की रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, "मॅडम, बरं वाटत नाही काय?"

बूथमध्ये हेडफोन चढवला. पडद्यावर ती मुलगी हातात पाना घेऊन मोठ्या माणसांच्या घोळक्यात उभी होती. मी तोंड उघडलं आणि सवयीने तोच जुना बारीक, गोड आवाज बाहेर पडला.

"ताई, परत," काचेपलीकडून दिग्दर्शिका म्हणाली. दहिसरची पोरगी, जेमतेम पंचविशीची.

मी मुलग्याचा दणदणीत आवाज लावला.

"ताई, हा तर मुलगा झाला ना."

माझं डोकं सटकलं. "मग कोणाचा आवाज काढू गं? दोनच आहेत माझ्याकडे!"

ती उठून बूथमध्ये आली. "ताई, तुमची ती गोड मैत्रीण माझी फेवरेट होती. पाचवीत मी सेम तिच्यासारखी बोलायचे. सगळे म्हणायचे, काय क्यूट बोलते यार! पण वर्गात काही सांगायला गेले की कोणी ऐकायचंच नाही. मला वाटायचं, मुलींनी असंच बोलायचं असतं."

इतकी वर्षं मी समजत होते की आपण फक्त पडद्यावरच्या ओठांशी वाक्यं जुळवतोय. शरम वाटली, भरपूर वाटली. पण खोटं कशाला बोलू, त्याच वेळी आनंदाच्या उकळ्याही फुटत होत्या. पोरी माझं ऐकत होत्या!

"लाव परत," मी म्हणाले. ती काचेपलीकडे गेली.

या वेळी मी कुठलाच आवाज काढला नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून भांडताना माझा जो आवाज असतो, तोच घेतला, फक्त वय खाली आणलं.

"बाजूला व्हा! मला बघू द्या!"

काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने दचकून खुर्ची खरंच मागे सरकवली. दिग्दर्शिका हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. चाचणीला एकच सीन असतो. तिने त्याला दुसरा लावायला सांगितला.