जयंतीचे काजू कोण सोलणार?

अन्याय झाला माझ्या आईवर. गेल्या वर्षी चौदा एप्रिलला, संध्याकाळी, वंदना संपून सभेचा माईक 'हॅलो हॅलो' करायला लागला त्या वेळी. ठिकाण, आमच्या वाडीच्या बुद्धविहाराची मागची पडवी. हत्यार, ओल्या काजूंची एक गोणी. पत्रकं लिहून लिहून मला अशीच सुरुवात करायची सवय लागली आहे. कोणावर, कधी, कुठे हे आधी सांगायचं. रडायचं असेल तर नंतर.

रत्नागिरीहून आरे-वारेच्या रस्त्याला लागलं की आत वळून आमची वाडी. आई बालवाडीत मदतनीस आहे, दहावी पास आहे, आणि वाडीत तिची ख्याती एकाच गोष्टीसाठी आहे: तिच्याकडे युक्ती असते. मिठाला पाणी सुटलं, बरणीत तांदळाचे दाणे टाक. बांगड्याचा वास हाताला राहिला, पाण्याखाली धरून स्टीलच्या पेल्यावर हात चोळ. हंडा काळा पडला, आमसुलाच्या पाण्याने घास. पावसात बूट वाळत नाहीत, आत कागद कोंब. हा कागद बहुतेक वेळा माझ्या उरलेल्या पत्रकांचा असतो. वाडीच्या नळाला पाणी का येत नाही, असा खणखणीत सवाल विचारणारी माझी पत्रकं गेल्या पावसाळ्यात बाबांच्या बुटांत होती, आणि त्यांनी तिथे बरंच पाणी शोषून घेतलं.

मला या युक्त्यांचा लहानपणापासून राग आहे. मोबाईलवर 'पाच मिनिटांत स्वयंपाकघर चकाचक' वगैरे व्हिडिओ येतात ते बघा एकदा नीट. त्यांत नुसते हात दिसतात. बांगड्या घातलेले, नेलपॉलिश लावलेले दोन हात येतात, बेसिन घासतात आणि जातात. चेहरा नाही, तोंड नाही, म्हणजे बोलायचा प्रश्नच मिटला. आणि शंभर युक्त्यांत 'हे काम आज नवऱ्याला सांगा' ही युक्ती मला अजून एकदाही सापडलेली नाही. ती सगळ्यात सोपी आहे. तिला लिंबू लागत नाही, सोडा लागत नाही.

आईचंही तेच झालं होतं. तिने फणस चिरायची रीत बसवली. हाताला तेल, विळीला तेल, चीक पुसायला नारळाच्या सोडणाचा, वरच्या काथ्याच्या सालीचा, तुकडा. मला वाटलं, आता आपलं मे महिन्यातलं काम हलकं होणार. झालं भलतंच. अर्ध्या वाडीचे फणस आमच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, यायला लागले. "अगो, तुझं कसं झटकन होतं," असं म्हणून बायका फणस ठेवायच्या, आणि त्यांना ठेवायला त्यांच्या घरच्या पुरुषांनी सांगितलेलं असायचं. युक्ती तिची, काम सुटलं दुसऱ्यांचं.

काजूंचं तसंच. ज्यांनी ओला काजू फक्त ताटात पाहिला आहे त्यांना सांगते. हिरव्या कवचात चीक असतो. तो बोटांना लागला की उततो. आधी भाजल्यासारखं होतं, मग कातडी काळी पडते, मग तिची सालपटं निघतात. कपड्याला लागला तर डाग त्या कपड्याबरोबरच संपतो. आई काजू आदल्या दिवशी राखेत लोळवून ठेवते, म्हणजे वरचा ओलावा राख पिते. मग मनगटापर्यंत खोबरेल, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. काजू विळीवर उभा चिरायचा, एका दाबात. गर काढायला बोट घालायचं नाही. त्यासाठी तिच्याकडे मोडक्या छत्रीची काडी आहे, दगडावर ठोकून टोक चपटं केलेली. मोडक्या छत्र्यांना आमच्याकडे तोटा नाही. काडी घातली, गर टुपकन बाहेर. गरम पाण्यात टाकला की वरची साल सुटते.

आणि आमच्या वाडीत जयंतीच्या पंगतीला ओल्या काजूंची उसळ लागतेच. मुंबईहून सुट्टी काढून येणारे चाकरमानी आधी विहारात नमस्कार करतात आणि लगेच विचारतात, उसळ हाय ना?

आता त्या दिवसाचं. वाडीच्या जयंतीच्या सभेत तोवर एकही बाई भाषणाला उभी राहिली नव्हती. बायकांनी गाणी म्हटली होती, पाहुण्यांना फुलं दिली होती, खुर्च्या पुसल्या होत्या. गेल्या वर्षी मी मंडळाच्या बैठकीत जाऊन भांडले, आणि कार्यक्रमपत्रिकेत चौथी ओळ छापून घेतली: महिला प्रतिनिधीचे मनोगत. प्रतिनिधी म्हणजे आई. मिळाली पाच मिनिटं.

तिने महिनाभर तयारी केली. कुकर लावला की भाषण सुरू. ठरलेली शिट्टी व्हायच्या आत संपलं तर बसलं पाच मिनिटांत, नाहीतर काटछाट. वाडीतल्या मुली बारावीनंतर कॉलेज का सोडतात यावर ती बोलणार होती. त्यातलं एक वाक्य मला पाठ झालं होतं. ते कुठे आलं ते पुढे सांगते, कारण गेल्या वर्षी ते कुठेच आलं नाही.

सकाळी बायकांनी मिळून काजू सोलले होते. आई घरी जाऊन आंघोळ करून पांढरी साडी नेसून आली. कोरी, जयंतीसाठी घेतलेली. वंदना झाली. मी पडवीत पत्रकांचा गठ्ठा सोडत होते तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष आले. नात्याने बाबांचे चुलतभाऊ, म्हणजे माझे काका. मागून दोघेजण गोणी घेऊन.

"वहिनी, मुंबईवाले दोन गाड्या जास्त घेऊन आले. उसळ पुरायची नाय."

"भावजी, माझं भाषण हाय."

"हाय ना! तुमचा नंबर चौथा. तोवर होतंय. तुमच्याकडं युक्ती हाय, आमच्याकडं काय हाय?"

"गोणी हाय," आई म्हणाली.

मी मधे पडले. "काका, तुम्ही सोला की."

"मी?" त्यांनी आपले हात असे बघितले, जसे कोणी दुसऱ्याने ठेवायला दिले होते. "पोरी, या हातांना सवय नाय. आणि पाहुण्यांना कोण बघणार?"

"पाहुणे काय उततात काय?"

"पत्रकात लिही हे," असं म्हणून ते गेले. मी लिहिलं. ते पुढे येतंच आहे.

आई बसली. राखेत लोळवायला वेळ नव्हता. छत्रीची काडी घरी राहिली होती. तिने पदर खोचला, तेल लावलं आणि काडीऐवजी सुरी घेतली. शेजारची काकी तिच्याबरोबर बसली, मीही बसले, पण आमच्या दोघींचं मिळून जेवढं होई तेवढं तिचं एकटीचं होत होतं. स्टेजवरून नाव पुकारलं. आई "आले, आले" म्हणत उठली तेव्हा चिकाने भरलेला काजू तिच्या मांडीवर होता, तो घरंगळला पदरावर. ती हात धुवायला धावली. तेलाचे हात पाण्याने धुतले जात नाहीत हे तिच्याइतकं कोणाला माहीत? तोवर माईकवरून आवाज आला:

"आमच्या वहिनी पाहुण्यांच्या सरबराईत मग्न आहेत. त्यांच्यासाठी जोरदार टाळ्या!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या, हे मला जास्त लागलं. त्यानंतर प्रमुख वक्ते उठले आणि स्त्रियांच्या हक्कांवर बोलले. इतके बोलले की उसळ शिजली, निवली आणि परत गरम करावी लागली.

घरी आल्यावर आईने त्या पदरावर तिला येत होतं ते सगळं केलं. खोबरेल चोळलं, रॉकेल लावलं, लिंबू-मीठ लावून उन्हात टाकला. डाग पिवळा होता तो तपकिरी झाला. सगळ्या वाडीचे डाग काढणारी बाई. "हा नाय जायचा," म्हणाली, आणि डाग आत घालून साडीची घडी केली.  कुकर मात्र पुढे कितीतरी दिवस भाषणाशिवाय, मुका लागत होता.

मी पत्रक काढलं, 'टाळ्या नकोत, विळीवर बसा'. गुलाबी कागदावर. आईने वाचलं, उलटसुलट करून बघितलं. "कागद जाडा हाय. वडे निथळायला बरा." काकांनी वाचलं आणि मला म्हणाले की त्यात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं आहे.  पत्रकाने क्रांती होते असं मला शिकवणाऱ्यांनी वडे निथळायचं शिकवलं असतं तर निदान एक काम आलं असतं.

या वर्षी मंडळाने आईचं नाव परत छापलं. चौथा नंबर. फेब्रुवारी सरता सरता आमच्या घरातला कुकर परत ऐकून घ्यायला लागला. जयंतीच्या सकाळी आईने कपाटातून तीच साडी काढली.

"अगो, ही?" शेजारची काकी म्हणाली. "डागाची? दुसरी नाय तुझ्याकडं?"

"हिला काजूची सवय हाय," आई म्हणाली आणि डाग बाहेर येईल असा पदर घेतला.

संध्याकाळी गोणी आली. येणारच होती, पाहुणे जास्त येणं हा आमच्या वाडीचा दरवर्षीचा आश्चर्याचा धक्का आहे. काकांनी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "सोलते की. पण इथं उजेड नाय भावजी. पुढं बसते, स्टेजजवळ, हॅलोजनखाली."

काकांना त्यात काही वावगं दिसलं नाही. तिने विळ्या मागवल्या. एक नाही, ज्या घरात मिळाली त्या घरातून. राखेचं घमेलं, खोबरेलाची बाटली आणि पेलाभर छत्रीच्या काड्या. त्या तिने कधी ठोकून ठेवल्या होत्या देव जाणे. देव आम्ही मानत नाही, म्हणजे तीच जाणे. स्टेजच्या पायथ्याशी पोतं अंथरून ती सोलायला बसली. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांना आपले पाय कुठे ठेवावेत ते कळेना.

नाव पुकारलं. आई उठली आणि तशीच स्टेजवर गेली, मनगटापर्यंत तेल. माईक हातात घ्यायला गेली तर तो सुळकन निसटला.

"भावजी, जरा माईक धरा."

आणि काकांनी धरला. दुसरं करणार काय, सगळी वाडी बघत होती. अध्यक्ष माईक धरून उभे आणि आई बोलतेय.

"भाषण करते. पण काजू राहिलेत, आणि पंगत काजूंवर अडलीय. तर आधी युक्ती सांगते, मग तुमी सोला, मी बोलते." तिने सांगितली. राख, तेल, उभा काप, काडी. "समोर विळ्या हायत. पांढरे शर्ट असतील त्यांनी बाह्या वर करा."

कोणी हलेना. पहिले उठले ते बाबा. ते लोट्याच्या एमआयडीसीतल्या कंपनीत पाळीवर असतात, आठवड्याने घरी येतात, आणि त्यांना त्या रात्री घरीच जेवायचं-झोपायचं होतं. मग मुंबई मंडळाचे दोघे हसत हसत उठले, मग बाकीचे. कोणी काडीने गराचा भुगा केला, कोणी काजूऐवजी विळीच सोलल्यासारखी धरली. मागून काकी ओरडली, "मेल्यांनो, तेल लावा आधी! तोंडाला नाय, हाताला!"

आणि त्यांच्या डोक्यावरून आई बोलत होती. ते वाक्य आलं. "बारावीनंतर पोरी घरी बसल्या म्हणतात. मी एकीलाही बसलेली बघितली नाय." सोलणाऱ्यांपैकी काहींनी वर बघितलं. मधला एक मुद्दा ती विसरली, कुकर नव्हता म्हणून असेल. एकदम "एवढंच" म्हणून थांबली. टाळ्या कमी झाल्या, कारण पुरुषांचे हात तेलाचे होते आणि बाकीच्या बायका मागे भाताजवळ होत्या, त्यांनी ते सगळं कर्ण्यातूनच ऐकलं. माईक धरताना काकांच्या हाताला आईच्या हाताचं तेल लागलं होतं आणि त्याबरोबर थोडा चीक. त्याच हाताने त्यांनी नाक खाजवलं. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या गाड्यांना निरोप द्यायला अध्यक्ष काळ्या नाकाने उभे होते.

"वहिनी, यावर काय युक्ती?"

"हाय ना," आई म्हणाली. "नाक खाजवायचं नाय."

उसळ कचकचली. सालं राहिली होती. सगळ्यांनी खाल्ली.

हे जिंकणं आहे असं समजू नका. पुढच्या बैठकीत मंडळाने ठराव केला की येत्या जयंतीला सोललेले काजू बाजारातून आणायचे, आणि ते निवडायला वहिनींना सांगायचं, कारण त्यांची नजर चांगली आहे. मी भांडून ते वाक्य खोडलं. आई मात्र अजून त्या विसरलेल्या मुद्द्यावर अडली आहे. तिला पुढच्या वर्षी दहा मिनिटं हवीत. कुकर परत बोलका झाला आहे.

आणि तुम्ही, जे हे आरामात बसून वाचताय. तुमच्या घरात एक काम असं आहे जे 'तिचंच छान होतं'. फणस असेल, मासे असतील, ओट्यामागची जळमटं असतील. आज ते काम तिला विचारा, युक्तीसकट शिकून घ्या, आणि तुम्ही ते करत असताना तिला बोलू द्या; तिला जे बोलायचं आहे ते, संपेपर्यंत. मधे टाळ्या वाजवू नका. उठा, हाताला तेल लावा.