येताना घेऊ

दादा गेल्याचा फोन घरून आला नाही, त्याच्या व्यापाऱ्याकडून आला. "ताई, सुदामभाऊ गेले हो... भट्टीपुढंच, बसल्या जागी," एवढं बोलून विठ्ठलशेट थांबले. मला वाटलं, गहिवरून आलं असेल. मग म्हणाले, "आन आजचा खवा कढईतच हाय. गाडी पाठवून नेऊ का? उद्या देवाचा रविवार हाय." धाराशिवच्या ऑफिसात उभ्या उभ्या मी "न्या" म्हणाले. परंड्याजवळच्या आमच्या वस्तीवर पोचले, तेव्हा दादा अंगणात होता आणि खवा गेला होता. त्याचे पेढे दुसऱ्या दिवशी सोनारीत देवापुढं गेले असणार. सुतक आम्ही मानत नाही, घेणारे मानतात. त्या दिवशी त्यांनाही ते आठवलं नाही.

आमच्या घरात दोन धर्म आहेत, असं मी चेष्टेनं म्हणायची. राखीव जागेवर कारकून झालेली मी घटनेवर विसंबून, आणि माझा हा थोरला भाऊ बाजारावर. "बाजाराला जात नसती, सुमन," तो म्हणायचा. "टँकरात पडल्यावर दूध कुणाच्या म्हशीचं, सांग बरं?" गावच्या हॉटेलात आमच्या आज्याची कपबशी वेगळी ठेवलेली असायची हे ज्यानं ऐकलेलं, त्यानं हे बोलावं! पण त्याच्याकडं पुरावा होता. खवा तो तळाला किंचित लागू द्यायचा, त्यानं एक खमंग वास यायचा. विठ्ठलशेट त्याचे पेढे करून सोनारीत देवळाच्या वाटेवरच्या आपल्या दुकानात विकायचे. आज्याला गावच्या देवळाची पायरी चढू दिली नव्हती, नातवाचा खवा थेट नैवेद्यात जात होता.

मग दादाला नाव हवंसं झालं. यात्रेत त्यानं त्याच वाटेवर स्वतःचा गाळा मांडला. मी म्हणाले, "देवाचं नाव दे दुकानाला, सगळे देतात." "पेढा म्या केला, नाव देवाचं कशाला? गिऱ्हाईक चव चाखतंय, आडनाव न्हाय." पत्र्याच्या बोर्डावर निळ्या रंगात त्यानं ऐसपैस लिहून घेतलं : सुदाम ओव्हाळ यांचे पेढे.

माणसं थांबत होती. तळहातावर तुकडा घेऊन "लई झ्याक" म्हणत होती. मग नजर बोर्डाकडं जायची. "देवाला जाऊन येतो, येताना घेऊ." येताना ती विठ्ठलशेटच्या दुकानातून पुडे घेऊन यायची. खवा त्याच भट्टीचा. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात लावला नाही. शिवी दिली असती तर मी पोलिसांत गेले असते, कलमं मला पाठ आहेत. "येताना घेऊ"वर कसला गुन्हा दाखल करणार? यात्रा संपल्यावर दादानं उरलेले पेढे म्हशींना घातले.

मेलेल्याबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. माझा भाऊ भाबडा होता आणि त्याचा मला आजही राग येतो. त्या रात्रीसुद्धा तो मलाच समजावत होता, "न घ्यायचं स्वातंत्र्य गिऱ्हाइकाला न्हाय व्हय?" मी विचारलं, "आणि तुझं?" त्याला विकायचं स्वातंत्र्य पुरेपूर मिळालं होतं, फक्त बिननावाचं. न्याय तर कुठल्याच दुकानात नव्हता. पुन्हा त्यानं गाळा मांडला नाही. बाजाराबद्दल बोलणंही सोडलं... आणि खवा मात्र पहिल्यासारखाच, विठ्ठलशेटनाच घालत राहिला.

तो बोर्ड त्यानं टाकला नाही. कढईवर झाकण म्हणून वापरायला काढला, अक्षरं खाली करून. आता भट्टी वहिनी चालवते. परवा मी तिथं असतानाच विठ्ठलशेट आले. "वहिनी, भाऊंचाच हात आलाय तुमाला," त्यांनी कौतुक केलं. "तेवढं झाकण बदला. गंज लागंल खव्याला."

"इतकी वर्सं नाव लागलं न्हाय, शेट. गंज कसा लागंल?" वहिनी म्हणाली.

शेट हसले, खवा घेऊन गेले. दुसरी कढई उतरल्यावर बोर्ड मी उचलला आणि अक्षरं वर करून कढईवर ठेवला. निळा रंग वाफेनं अर्धा उडालाय, पण वाचता येतं. वहिनीनं क्षणभर पाहिलं. मग पदरानं धरून तो पुन्हा उलटा केला.

"राहू द्या, ताई. खवा उद्या जायाचा हाय."