नत्थुजींनी समुद्रावर मांडव टाकला

अकोल्याच्या जठारपेठेत नत्थुजींचं बिछायतीचं दुकान होतं. लग्नाचा मांडव, कनाती, सतरंज्या, गॅसबत्त्या, भाताची भलीमोठी गंजं, सगळं तिथं भाड्यानं मिळायचं. नत्थुजींनी आवळलेली गाठ सोडायला परत नत्थुजींनाच बोलवावं लागतं, असं लोक म्हणत. हे ऐकून त्यांची छाती फुगायची. बायकोचं कपाळ मात्र उठायचं.

कारण या माणसाला मांडवात स्वस्थ बसताच येत नसे. स्वतःच्या लग्नात नवरानवरी शेजारी जेवायला बसलेले, पाहुणे कौतुकानं बघताहेत, आणि नवरदेवाला समोर एक दोर ढिला दिसला. झालं! बाशिंगासकट उठला आणि खुंटा ठोकायला गेला. परत आला तोवर पंगत उठली होती आणि नवरी एकटीच पानाकडे बघत बसली होती. पार्बताबाई हे कधी विसरल्या नाहीत, आणि का विसरावं त्यांनी? पुढं प्रत्येक लग्नात तेच. भातकुली गावी मेहुणीच्या लग्नात तर नत्थुजींनी दुसऱ्याच बिछायतवाल्याचा खांब जेवता जेवता उठून सरळ केला आणि हातघाईवर आले.

"मले सोनं नोको, लुगडं नोको," पार्बताबाई म्हणत. "एक डाव मांडवात माह्या बाजूले बसा. जेवन होयपर्यंत उठू नोका. बस, इतकंच."

"हात्तीच्या! त्यात काय मोठं?" नत्थुजी म्हणायचे, आणि पुढच्याच लग्नात वरणावर तूप पडायच्या आत गायब व्हायचे. त्यांना वाईट वाटत नसे असं नाही. रात्री बायकोच्या पाठीकडे बघून फार वाटायचं. पण दोर दिसला की पाय आपोआप उठायचे.

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात शेजारचे गोवर्धन गुरुजी दुकानात आले. हे शाळेत कवायत शिकवत आणि जगातल्या ज्या गोष्टीशी अकोल्याचा काडीचा संबंध नाही तिच्यावर त्यांचा विशेष जीव. त्या दिवशी त्यांच्या हातात एक जुनं विलायती मासिक होतं.

"पाहा नत्थुजी. हे लोक सुट्टीत समुद्राच्या काठी तंबू ठोकून राह्यतेत. होडीत बसून या बेटावून त्या बेटावर जातेत. अन् हे पाहा, लाटेवर फळी टाकून तिच्यावर उभे राह्यतेत!"

नत्थुजींनी लाट पाहिली नाही, फळी पाहिली नाही. "कोनं बांधला बाप्पा हा तंबू? दोर पाहा कसे लोंबून राहिले!"

चहा घेऊन आलेल्या पार्बताबाईंनी मात्र चित्र निरखून पाहिलं. तंबूच्या तोंडाशी एक बाई आणि एक बुवा शेजारी-शेजारी बसले होते. काहीही करत नव्हते.

"इथं लगन कोनाचं हाय?" त्यांनी विचारलं.

"कोनाचंच नाही वहिनी."

"मंग मले इथंच जाचं हाय," पार्बताबाई म्हणाल्या आणि कपबशी अशी ठेवली की विषय संपला.

जायचं ठरलं. पण केव्हा? तुळशीचं लग्न लागलं की नत्थुजींच्या कनाती पार पावसाळ्यापर्यंत घरी येत नसत. मधे एक पौष तेवढा रिकामा, कारण पौषात लग्नं नाहीत. तेव्हा पौषच पक्का झाला आणि तयारी सुरू झाली. आता नत्थुजींना आयुष्यात तयारी एकाच गोष्टीची ठाऊक.

"मंडळी किती?" त्यांनी विचारलं.

"दोन," गुरुजी म्हणाले. "तुमी अन् वहिनी."

"दोन मंडळीचा मांडव म्या जलमात टाकला नाही. कमीत कमी पन्नासचा धरा. अन् आचारी?"

"आचारी कायले? वहिनी हायेत ना."

"बरं. अन् पान्याची सोय?"

"समुद्र आहे, नत्थुजी!"

"थो खारा असते म्हनतेत. खारं पानी पाहाले इतक्या दूर काहून जाचं? आपल्या खारपान पट्ट्यात हरेक हिरीत हाय थे." असं म्हणून त्यांनी पाण्याचं एक पिंप सामानात धरलं. बेटांवर जायचं म्हणजे प्रत्येक बेटावर एकेक कनात तरी हवीच, नाहीतर बाईमाणसानं आडोसा कुठं शोधायचा? अशा तीन कनाती धरल्या. होडीत हे सगळं मावणार कसं, हे विचारायची गुरुजींची हिंमत झाली नाही.

राहिली फळी. लग्नातल्या स्टेजची एक सागवानी फळी नत्थुजींनी निवडली. लाट काही अकोल्यात मिळेना. मग गुरुजींनी डोकं चालवलं. जिनिंगात सरकीची रास पडलेली असते, कापसातनं निघालेल्या बियांचा नुसता डोंगर. तीही वरून खाली घसरतेच की! जिनिंगचा मुकादम खुशालराव आधी नाहीच म्हणाला. मग तमाशा फुकट बघायला मिळतोय हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं सगळ्या मजुरांना कामं टाकून बोलावलं.

नत्थुजी धोतराचा काचा मारून राशीवर चढले. फळीवर उभे राहिले. खालून गुरुजींनी कवायतीच्या आवाजात हुकूम दिला, "गुडघे वाकवा! हात पसरा! चाऽल!" नत्थुजी चालले. फळी आधी पोचली. मागून सरकी आली, आणि सरकीच्या आत कुठंतरी नत्थुजी होते. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. खुशालरावानं पाय सापडला तो धरून ओढून काढलं.

संध्याकाळी पार्बताबाई त्यांच्या केसांतून, कानांतून सरकी वेचत बसल्या. "इतक्या जागी सरकी गेलीच कशी बापा?" म्हणत हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या. नत्थुजींना वाटलं, हा पौष काही चुकवायचा नाही.

तो चुकला. बाळापूरला कुणाचा तरी सप्ताह निघाला आणि मांडव नत्थुजींचाच हवा होता. पुढच्या पौषात प्रदर्शन आलं. त्यापुढच्या पौषात सभा. नाही म्हणणं नत्थुजींच्या जिभेला माहीत नव्हतं. दर वर्षी पार्बताबाई प्रवासासाठी तिळाच्या वड्या बांधून ठेवायच्या आणि दर वर्षी संक्रांतीला त्या शेजारी वाटून टाकायच्या. शेवटी त्यांनी बोलणंच सोडलं. समुद्राचं नाव निघालं की उठून आत जायच्या. ते मात्र नत्थुजींना फार लागलं. बायको भांडत होती तोवर त्यांना भीती नव्हती.

त्रेसष्ट सालचा पौष लागला तसं त्यांनी दुकानाला कुलूप ठोकलं, किल्ली गुरुजींच्या खिशात घातली आणि म्हणाले, "देव आला तरी देऊ नोका." गुरुजींनी एवढी वर्षं समुद्राचा अभ्यास केला होता, पण ऐन वेळी त्यांनाच शाळेनं सोडलं नाही. गाडीत पिंप चढलं, फळी चढली, तंबू चढला. कनाती मात्र पार्बताबाईंनी फलाटावरूनच परत पाठवल्या.

कोकणातल्या एका गावी दोघं भर दुपारी पोचले. किनाऱ्यावर कुणी नव्हतं. समुद्र लांब, पार टोकाला. मधे नुसती सपाट, ओली रेती.

"आटला वाटते," नत्थुजी म्हणाले. "हिवाळा हाय ना."

समोरच एक खडकाळ बेट होतं. होडी ठरवायला ते निघाले, तर वाटेत पाणीच नाही. दोघं वहाणा हातात घेऊन चालत बेटावर गेले आणि चालत परत आले. नत्थुजी हिरमुसले. "हे काय बेट? आपला नाला ओलांडाले याहून जास्त मेहनत लागते." लाटही दूरवर, घोट्याएवढी. तेव्हा फळीला विटा लावून पार्बताबाईंनी तिचा स्वयंपाकाचा ओटा केला.

जाळं खांद्यावर टाकून एक कोळी चालला होता. तो थांबून म्हणाला, "इथं नका ठोकू तंबू. संध्याकाळला पाणी येतं इथवर."

नत्थुजींनी वर पाहिलं. निरभ्र आभाळ. पूर म्हणजे वरच्या अंगाला पाऊस, हे वऱ्हाडातलं शेंबडं पोरही सांगेल. "पौषात कायचा पूर भाऊ? अन् मांडवाची जागा मले कोनी शिकवू नये." इतकी सपाट, इतकी घट्ट जमीन त्यांना उभ्या आयुष्यात मिळाली नव्हती! खेकडे बघून पार्बताबाईंनी किंचाळत त्यांना थोडं वर सरकायला लावलं, एवढंच. कोळी हसला आणि गेला.

तंबू असा देखणा उभा राहिला की नत्थुजी स्वतःच त्याच्याकडे बघत राहिले. दिवस कलला. पार्बताबाईंनी दोन पानं मांडली. झुणका, भाकरी, मिरचीचा ठेचा. नत्थुजी बसले. शेजारी त्या बसल्या.

दुसऱ्याच घासाला वारा सुटला आणि उजवीकडचा दोर सैल झाला. नत्थुजींना दिसला. त्यांनी डोळे मिटले. दोर फडफडू लागला, तो कानाला ऐकू यायला लागला. त्यांनी मांडी जास्तच घट्ट घातली. कपाळावर घाम आला. पार्बताबाई तिरप्या नजरेनं सगळं बघत होत्या.

मग सतरंजी गार लागली. मग ओली. मग तंबूच्या कडेखालून पाणी आलं ते फेसासकट.

"अवो! पानी आलं!"

"येऊ दे."

"माय वं! पूर आला! उठा ना!"

"जेवन व्हाचं हाय माह्यं," नत्थुजी म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडला. पाणी मांडीपर्यंत आलं होतं. फळी विटांवरून सुटली आणि बाकीचा झुणका घेऊन, कुणीही वर उभं न राहता, लाटेवर डौलात निघून गेली. उजवा खुंटा उपटला. अर्धा तंबू नत्थुजींच्या डोक्यावर बसला. तंबूच्या आतून आवाज आला, "ठेचा वाढ."

पार्बताबाई लुगडं गुडघ्यापर्यंत धरून उभ्या होत्या. आधी ओरडल्या, "अवो, मी म्हंतो उठा! मी सोता सांगून राहिली, उठा!" मग त्यांना हसू फुटलं आणि ते थांबेना, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी येऊ लागलं तेही थांबेना. त्यांनी तंबूचं कापड वर उचललं, लुगडं सोडून दिलं आणि नवऱ्याच्या शेजारी त्या खाऱ्या पाण्यात फतकल मारून बसल्या.

"सरका थोडं," त्या म्हणाल्या. "माह्यं बी जेवन राह्यलं हाय."